घरची कार्यशाळा : न दिसणारा भुसा

गेल्या अंकात रंध्याच्या पात्याला धार कशी लावावी याविषयी लिहिले होते. त्यानंतर दिमोनाहून एक आणि अश्दोदहून एक अशी दोन पत्रे आली. दोन्ही पत्रांत धारेविषयी चकार शब्द नाही! एका वाचकाने घरातील संरक्षित खोलीत आणि दुसऱ्याने मागच्या बंद गच्चीत लाकूडकामाचा संसार मांडला आहे. गोल करवत आहे, सँडर आहे, हातही बसला आहे. परंतु भुसा घरभर होतो, चादरीवर बसतो, स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जातो, आणि त्यावरून घरात रोज बोलणी खावी लागतात. भुसा ओढून घेणारे यंत्र कोणते घ्यावे, असा दोघांचाही प्रश्न आहे.

याचे उत्तर चार ओळींत देता आले असते. तथापि माझ्या एका बालमित्राने नेमके हेच यंत्र दोनदा चुकवले आणि तिसऱ्यांदा बरोबर बसवले, ती हकिकत मी गेले वर्षभर फोनवरून ऐकतो आहे. वाचकांना उत्तरापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

हा मित्र अलिबागकडचा, कोकणी मुसलमान. आमची दोन्ही घरे एकाच विहिरीवर पाणी भरीत. त्याचे वडील होड्या दुरुस्त करीत आणि माझे आजोबा सुतारकाम करीत. आपल्या समाजात तेलाच्या घाण्याइतकी नसली तरी सुतारकीही पुष्कळ घरांत होती, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. मी इकडे आलो. तो पुढे सौदी अरेबियात जेद्दाला फर्निचरच्या कामावर गेला. आता निवृत्त होऊन तेथेच मुलाजवळ राहतो. मुलाच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. गच्चीवरील किंवा अंगणातील अशा जोडखोलीला तिकडे ‘मुलहक’ म्हणतात. याच खोलीत त्याने म्हातारपणाचा उद्योग थाटला आहे.

उद्योग कोणता, तर ‘रोशन’च्या जाळ्या करण्याचा. जेद्दाच्या जुन्या भागाला अल्-बलद म्हणतात. तेथील घरे समुद्रातील प्रवाळाच्या दगडाची, आणि रस्त्याकडील अंगाला वरपासून खालपर्यंत लाकडी जाळीचे बंदिस्त सज्जे. हेच ते रोशन. वारा आत यावा, ऊन बाहेर राहावे आणि घरातील माणसांना दिसल्यावाचून रस्ता पाहता यावा, ही त्यांची योजना. १८८१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या बैत नसीफ या वाड्यावर ते आजही पाहावयास मिळतात. हे लाकूड बहुतांशी सागवान, आणि ते भारतातून व पूर्वेकडील देशांतून गलबतांनी आलेले. अरबस्तानात इमारती लाकूड कोठून असणार? २०१४ साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि २०१९ साली सरकारने तेथील ५६ पडक्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी ५ कोटी रियाल मंजूर केले. माझ्या मित्राचा त्या सरकारी कामाशी काही संबंध नाही. जुन्या फळ्या मिळवून तो लहान जाळ्या करतो आणि ओळखीपाळखीत देतो. “आपल्याकडचेच साग आहे रे, माझ्या आधी येथे आले एवढेच,” असे तो म्हणतो.

हे साग मात्र हाताळायला सोपे नाही. त्यात वाळूचा अंश असतो, म्हणून पात्याची धार लवकर जाते. आणि त्याची बारीक धूळ पुष्कळांच्या नाकाला व त्वचेला सोसत नाही.

पहिल्या खेपेस त्याने मुंबईहून १ अश्वशक्तीचा, कापडी पिशवीचा ब्लोअर नेला. एअर कंडिशनरसाठी घेतलेल्या २२० व्होल्टच्या जोडणीवर तो लावला. सुरू करताच स्वारी खूश. “मुंबईच्या दुकानात पाहिला त्याहून इथे जास्त ओढतो,” असे त्याने मला त्याच रात्री कळवले. खरे म्हणजे त्याच क्षणी मला शंका यावयास हवी होती. तीन आठवड्यांत मोटर जळाली.

कारण असे. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आपल्या इस्राएलमध्येही तशीच. सौदी अरेबियात ती ६० आवर्तनांची आहे. व्होल्ट जुळले म्हणजे सर्व जुळले असे नव्हे. अशा मोटरीचा वेग आवर्तनांवर ठरतो. मिनिटाला २,८५० फेरे घेणारी मोटर तिकडे ३,४०० च्या पुढे जाते. पंख्याचा वेग सव्वापटीच्या आत, म्हणजे १.२ पट झाला की हवाही १.२ पट ओढली जाते. परंतु दाब १.४४ पट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती १.७३ पट. १ अश्वशक्तीच्या मोटरीकडून पावणेदोन अश्वशक्तीचे काम घेतले, ती बिचारी किती दिवस टिकणार? ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि तेथून यंत्रे आणण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी हे उलट्या बाजूने ध्यानात ठेवावे. ६० आवर्तनांचा पंखा आपल्याकडे हळू फिरेल, हवा कमी ओढेल, आणि दोष मात्र नळीला दिला जाईल.

दुसऱ्या खेपेस त्याने तेथेच, ६० आवर्तनांचा, त्याच जातीचा ब्लोअर घेतला. वरची पिशवी कापडी, खालची प्लास्टिकची. जमिनीवर भुसा दिसेनासा झाला, भाभींची कुरकुर थांबली. सहा-सात महिने असेच गेले. मग बोलता बोलता त्याचा आवाज मला सारखा बसलेला वाटू लागला. नाक चोंदलेले, सकाळी शिंकांची माळ, कधी नाकातून रक्ताचा डाग. “वाळवंटाची धूळ आहे, इथे सर्वांनाच होते,” हे त्याचे ठरलेले उत्तर. एकदा फोनवर चेहऱ्याच्या मागे त्याचा नातू दिसला. पाच वर्षांचे पोर, उलट्या बादलीवर बसून आजोबांचे काम पाहत होते. तेव्हा मात्र मी त्याला सांगितले, आज रात्री खोलीतले दिवे मालव, टॉर्च घे आणि मला फोन कर.

हा प्रयोग साधा आहे आणि कारखाने तपासणारेही तो करतात. खोली काळोखी करावी, जोरदार टॉर्चचा झोत यंत्रापलीकडून आपल्या दिशेने आडवा सोडावा, आणि दिव्याकडे थेट न पाहता झोताच्या कडेकडे पाहावे. एरवी डोळ्यांना न दिसणारी धूळ झोतात उजळते. मित्राने मुलाला टॉर्च धरावयास सांगितला आणि ब्लोअरचे बटण दाबले. मला फोनच्या लहान पडद्यावरही दिसले. पिशवी फुगली आणि तिच्या सर्वांगातून, चुलीवरच्या ओल्या लाकडातून निघावा तसा, धूर निघाला. धूर कसला, सागाची धूळ होती. सहा महिने तो भुसा गोळा करीत नव्हता. जाड भुसा पिशवीत आणि बारीक धूळ आपल्या नाकासमोर, अशी वाटणी करीत होता.

यात भाभींचाही नकळत हात होता. पिशवी मळली की दर आठवड्याला त्या ती स्वच्छ धुऊन देत. कापडाच्या आतील अंगाला धुळीचा थर बसतो, तोच खरी गाळणी असतो. नव्या किंवा धुतलेल्या पिशवीतून बारीक धूळ सर्वाधिक निसटते. थर फार जाड झाला तर हवा अडते हे खरे. म्हणून पिशवी झटकावी, धुऊ नये.

आता थोडे आकडे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. स्वस्त पिशव्या ३० मायक्रॉनपर्यंतचा भुसा अडवतात, आणि फुप्फुसात जाणारी धूळ १० मायक्रॉनखालची असते. दीड मीटर उंचीवरून १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत आठ-दहा मिनिटांत खाली येतो. १ मायक्रॉनचा कण खाली यायला सुमारे अर्धा दिवस लागतो. आणि एअर कंडिशनर चालू असलेल्या खोलीत हवा स्थिर असते कधी? मित्र संध्याकाळी यंत्रे बंद करून तेथेच चहा पीत बसे. त्या वेळी तो सर्वांत बारीक धूळ पीत होता.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण माहीत असावे म्हणून लिहितो. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्यांचे गाव. तेथे नाकाच्या आतील एका दुर्मिळ प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांतच पुन्हा पुन्हा सापडतात, हे एस्मे हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाईंच्या ध्यानात आले. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत राबणाऱ्यांचा आहे, सुट्टीच्या दिवशी एखादे स्टूल करणाऱ्याचा तितका नव्हे. पण दमा, सर्दी आणि शिंका यांना वर्षे लागत नाहीत.

युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची कामगारांसाठी मर्यादा २०२३ पासून १ घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम अशी आहे. मित्राची खोली १२ फूट बाय १५, उंची ९ फूट; म्हणजे सुमारे ४६ घनमीटर. त्या साऱ्या खोलीला मर्यादेपर्यंत नेण्यास ९२ मिलिग्रॅम धूळ पुरे. चिमटीत मीठ धरतो त्याहूनही कमी!

येथपर्यंत सांगून झाल्यावर मी त्याला पुस्तकी सल्ला दिला. पंखा खोलीबाहेर ठेव, हवा थेट बाहेर सोड, गाळणीची भानगडच नको. थंड देशांतील पुस्तकांत हेच सांगितलेले असते. त्यावर तो हसला. त्याचे हसणे रास्त होते. त्याचा पंखा मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढतो आणि खोलीत आहे १,६२० घनफूट. म्हणजे तीन मिनिटांच्या आत एअर कंडिशनरने थंड केलेली सारी हवा बाहेर, आणि तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून जेद्दाची भट्टी आत. सोबत समुद्राकडचा दमटपणा. आणि वाळू उडत असली तर तीही. ज्या देशात १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी १२ ते ३ उन्हात काम घेण्यास कायद्याने मनाई आहे, तेथे हा सल्ला निरुपयोगी. दिमोना व बेअर शेवा येथील वाचकांनाही खमसीनच्या दिवसांत याची प्रचीती येईल. हवा खोलीतच परत सोडायची असेल तर ती खरोखर गाळलेली हवी, मधला मार्ग नाही. हिवाळ्यात आणि पहाटे, जेव्हा खिडक्या उघड्या ठेवता येतात, तेव्हा बाहेर सोडणे सर्वांत उत्तम व स्वस्त. त्यासाठी त्याने भिंतीत एक झडपही ठेवली आहे.

तिसऱ्या खेपेची मांडणी आता सांगतो. जेद्दात एअर कंडिशनरच्या वाहिन्या करणारे पत्राकाम कारागीर गल्लोगल्ली आहेत. त्यांतील एकाकडून त्याने जस्ताच्या पत्र्याचा मोठा शंकू करवून घेतला. भुशाची हवा वरच्या बाजूने तिरकी आत शिरते, गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या पिंपात पडतो आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघते. करवतगिरण्यांतील ही फार जुनी युक्ती. इंग्लंडातील जेम्स डायसन यांनी १९७० च्या दशकाअखेर अशाच एका गिरणीतील शंकू पाहून घरगुती यंत्र करण्याचा ध्यास घेतला आणि ५,१२७ नमुने करून पाहिले. मित्राला पाच हजार नव्हे, दोनच करावे लागले. पहिल्या वेळी खाली प्लास्टिकचे पिंप लावले. नळीचे तोंड बंद असताना पंखा चालू झाला आणि पिंप चेपून त्याचा द्रोण झाला! नंतर लोखंडी पिंप आणले.

शंकूच्या पुढे पंखा, आणि पंख्यापुढे घड्याघड्यांची मोठी गाळणी, ट्रकच्या इंजिनावर असते तशा जातीची पण १ मायक्रॉनपर्यंत अडवणारी. हा क्रम महत्त्वाचा आहे. शंकूमुळे नव्वद हिस्से भुसा आधीच उतरतो, म्हणून गाळणी लवकर चोंदत नाही. आणि लाकडाचे तुकडे पंख्याच्या पात्यांवर आदळत नाहीत. शंकू काही दाब खातो, सबब मोटर २ अश्वशक्तीची घ्यावी लागली.

नळीविषयी वाचक हटकून चुकतात, म्हणून थोडे थांबतो. भुसा तरंगत जावा यासाठी नळीत हवेचा वेग मिनिटाला ४,००० फुटांच्या आसपास लागतो. त्या वेगाने ४ इंची नळीतून सुमारे ३५० घनफूट हवा जाते, ६ इंचीतून ७८५. २ इंच वाढवले आणि हवा दुपटीहून अधिक. मित्राच्या पहिल्या नळीत २५ फूट वळ्यावळ्यांची लवचिक नळी होती, तिच्यात निम्मा दम संपत असे. आता मुख्य नळी ६ इंची, गुळगुळीत पत्र्याची, खोलीच्या एकाच भिंतीला धरून. काटकोनी वळणाऐवजी दोन अर्धी वळणे. लवचिक नळी यंत्रापाशी हातभर, तेवढीच.

आणि नळीचे तोंड धुळीच्या अगदी जवळ हवे. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तितक्या अंतरावरून तोंडाने हवा ओढून ती विझवून पाहा. ज्योत हलणारसुद्धा नाही! नळीच्या तोंडापासून तिच्याच व्यासाइतके दूर गेले की ओढ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून करवतीखाली बंद पेटी आणि पात्यावर लहान टोपण, असे दोन्हीकडून पकडावे लागते. सँडरसाठी हे मोठे यंत्र लागतही नाही. त्याच्या बुडाच्या भोकांना चांगल्या गाळणीचा व्हॅक्युम क्लीनर थेट जोडला तर पुरे. दिमोनाच्या वाचकांनी येथूनच आरंभ करावा. संरक्षित खोलीच्या भिंतीत भोक पाडण्याचा विचार मात्र मनातही आणू नये.

विस्तवाची गोष्ट राहिली. जुन्या फळ्यांत खिळे असतात. पाते खिळ्याला लागून उडालेली ठिणगी भुशात जाऊन तासन्‌तास धुमसते, वरून काही कळत नाही. मोठ्या जागी तर धूळच पेट घेते. जानेवारी २०१२ मध्ये कॅनडातील बर्न्स लेक येथील करवतगिरणीत अशा स्फोटाने २ कामगार गेले. घरी तेवढे होणार नाही, पण धुमसणारे पिंप घर जाळू शकते. मित्राचा नियम असा की गुरुवारी संध्याकाळी काम संपताच पिंप रिकामे करून भुसा गच्चीवर झाकणाच्या डब्यात ठेवायचा, कारण शुक्रवारी तो खोली उघडत नाही. आपल्याला हा नियम शुक्रवारी दुपारी लागू. शब्बाथ सुरू झाल्यावर पंचवीस तास त्या खोलीत कोणी डोकावणार नाही, हे ध्यानात घ्यावे. तेलाचे बोळेही तेथे ठेवू नयेत.

पिंप उपसताना मात्र मुखपट्टी लागते, आणि येथे आम्हा दोघांची गंमत झाली. चांगली मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसली तरच उपयोगी. दाढी असली की कडेने हवा आत शिरते. त्याची दाढी छातीपर्यंत आहे. “मग काय, दाढी कापू?” असे त्याने मला विचारले. “नको, पिंप मुलाकडून उपसून घे,” असे मी म्हटले. ते त्याला पटले, मुलाला कितपत पटले कोण जाणे.

टॉर्चचा प्रयोग पुन्हा केला. गाळणीभोवती झोत काळा राहिला, करवतीपाशी एक बारीक धार दिसली, ती टोपण अर्धा इंच खाली आणल्यावर नाहीशी झाली. सकाळच्या शिंका पूर्ण थांबलेल्या नाहीत, पण रक्ताचा डाग दोन महिन्यांत दिसलेला नाही. डॉक्टरांकडे तो गेला, आणि आपला व्यवसाय काय हे या वेळी त्याने न विचारता सांगितले. नातवाला खोलीत पुन्हा यावयास मिळाले आहे. मात्र यंत्र बंद करून अर्धा तास पंखा तसाच चालू ठेवल्यानंतर.

आवाजाचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. २ अश्वशक्तीचा पंखा गच्चीवर घरघरतो आणि खालच्या मजल्यावरील कुटुंब दुपारी झोपते. पंख्याभोवती लाकडी पेटी केली, तर मोटर तापू लागली. सध्या तो असरच्या नमाजानंतरच बटण दाबतो. पेटीला हवेची वाट ठेवूनही आवाज कसा कोंडावा यावर त्याचे प्रयोग चालू आहेत. काही जमले म्हणजे वाचकांना कळवीन.